संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी तंत्रज्ञानाचा सहभागी मेळावा: पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

लहान सामाजिक संस्थांमध्ये संगणक विभाग नावाची गोष्ट नसते. ज्या कार्यकर्त्याला मोबाईल बऱ्यापैकी हाताळता येतो, त्याच्याकडेच सर्वेक्षणाचे फॉर्म, एक्सेलच्या याद्या, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आणि देणगीदाराला पाठवायचे अहवाल हळूहळू येऊन पडतात, आणि त्याला अडचण आली की विचारायला जवळ कोणी नसते. मी स्वतः एका ग्रामीण संस्थेत हेच काम करते. अशा एकट्या पडलेल्या माणसांनी दोन दिवस एकत्र बसून आपल्या अडचणी एकमेकांच्या मदतीने सोडवायच्या, या प्रकारच्या जमण्याला मी या लेखात सहभागी मेळावा म्हटले आहे. असे काही मेळावे भरवताना जे चुकले आणि जे जमले, ते पुढच्यांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे.

या पद्धतीला मागे बरीच परंपरा आहे. अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांनी वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली, आणि लोकांना त्यातला सर्वांत मोलाचा भाग चहाच्या सुट्टीचा वाटला, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच १९८५ साली त्यांनी ‘ओपन स्पेस’ ही पद्धत वापरायला सुरुवात केली, जिच्यात कार्यक्रमपत्रिका जमलेली माणसेच तयार करतात. सामाजिक संस्थांच्या तंत्रज्ञान क्षेत्रात हीच वृत्ती घेऊन २००३ मध्ये क्रोएशियातील व्हिस बेटावर, २००४ मध्ये नामिबियात आणि २००५ च्या जानेवारीअखेरीस आपल्या शेजारी बंगळूरला निवासी शिबिरे झाली. बंगळूरच्या ‘एशिया सोर्स’ शिबिरात आशियातील अनेक देशांचे शंभराहून अधिक लोक आठवडाभर एकत्र राहिले होते. सॅन फ्रान्सिस्कोची ‘अ‍ॅस्पिरेशन’ ही संस्था आणि तिचे अ‍ॅलन गन यांनी या क्षेत्रात सहभागी पद्धती रुजवण्याचे मोठे काम केले असून, पुढे सांगितलेल्या काही रीती त्याच प्रवाहातल्या आहेत. शिबिराची सवय महाराष्ट्राला जुनीच आहे. गोलात बसणे, गटाने स्वयंपाकाची पाळी घेणे, रात्री गाणी म्हणणे हे आपल्या कार्यकर्त्यांना शिकवावे लागत नाही. मात्र विषय तंत्रज्ञानाचा निघाला की हीच मंडळी गोल मोडून रांगेत बसतात आणि पडद्याकडे तोंड करतात. ती रांग मोडण्यासाठी काय करावे लागते, हाच या लेखाचा विषय आहे.

१. मेळावा हवा आहे की प्रशिक्षण, ते आधी ठरवा

एखादे नवे सॉफ्टवेअर सगळ्यांनी एकाच पद्धतीने वापरायचे असेल, म्हणजे उत्तर एकच आणि ते एकालाच माहीत असेल, तर सरळ प्रशिक्षण घ्या. मेळाव्याची गरज तेव्हा असते, जेव्हा प्रत्येकाला थोडे थोडे माहीत असते, पण ते एकमेकांपर्यंत पोचलेले नसते. दोन्हींची सरमिसळ केली, तर सकाळी तज्ज्ञाचे व्याख्यान आणि दुपारी ‘आता चर्चा करा’ असा कार्यक्रम होतो. दुपारी कोणी बोलत नाही, कारण आपण ऐकायला आलो आहोत असे सकाळीच सगळ्यांच्या मनात पक्के झालेले असते.

२. कोणाला बोलवायचे

पहिल्या मेळाव्यासाठी पंचवीस ते पस्तीस माणसे पुरेशी आहेत. प्रत्येक संस्थेतून दोघांना बोलवा. त्यातला एक प्रत्यक्ष गावात जाऊन फॉर्म भरणारा असावा आणि दुसरा कार्यालयात बसून त्या फॉर्मांचा अहवाल करणारा. हे दोघे एकाच साखळीची दोन टोके असतात, आणि एकाला होणाऱ्या त्रासाचे कारण बहुधा दुसऱ्याच्या टेबलावर असते. एकट्याने आलेला माणूस परत जाऊन बदल करायला निघाला की त्याला साथ मिळत नाही; दोघे आले तर ती मिळते, हा दोघांना बोलवण्याचा दुसरा लाभ.

आमच्या पहिल्या मेळाव्यात आम्ही निमंत्रणपत्रे संस्थाप्रमुखांच्या नावाने पाठवली. त्यामुळे निम्म्या संस्थांचे प्रमुख स्वतः आले, पुढच्या खुर्च्यांवर बसले आणि त्यांच्या मागे त्यांचे कार्यकर्ते बसले. आपला फॉर्म नीट पाठवला जात नाही, हे स्वतःच्या साहेबांसमोर सांगायला कोणता कार्यकर्ता धजेल? पहिला दिवस गेला तो संस्थांच्या परिचयातच. तेव्हापासून आम्ही प्रमुखांशी आधी फोनवर बोलतो. त्यांना उद्देश समजावून सांगतो, आणि यायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यकर्त्यांनी काय केले ते ऐकायला या, अशी विनंती करतो. एकाही प्रमुखाने त्याचे वाईट वाटून घेतल्याचे मला आठवत नाही.

साधने बनवणाऱ्यांनाही जरूर बोलवा. गावातली माहिती नोंदवण्याचे ‘अवनी’ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकांशी संवाद साधण्याचे ‘ग्लिफिक’ यांसारखी मुक्त स्रोत (ओपन सोर्स) साधने भारतातल्याच लोकांनी सामाजिक संस्थांसाठी बनवली आहेत, आणि असे काम करणाऱ्या मंडळींना क्षेत्रातली अडचण ऐकण्याची खरी ओढ असते. त्यांना एकच अट आधीच स्पष्ट सांगा, की पहिल्या दिवशी आपले साधन दाखवायचे नाही, फक्त ऐकायचे.

३. प्रश्न आधीच गोळा करा, पण फोनवर

मेळाव्याच्या तीन आठवडे आधी येणाऱ्या प्रत्येकाला फोन करा. ऑनलाईन फॉर्म पाठवून हे काम होत नाही. फॉर्मात सगळे जण ‘एक्सेल शिकायचे आहे’, ‘एआय शिकायचे आहे’ असे मोघम लिहितात, आणि त्यावरून काहीच आखता येत नाही. फोनवर तीनच प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात मोबाईल किंवा संगणकापुढे तुम्ही कधी अडून बसलात? तेव्हा कोणाला विचारले? आणि अशी कोणती गोष्ट आहे जी तुमच्या ऑफिसातले लोक तुम्हाला येऊन विचारतात?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातून शिकवणारी माणसे सापडतात. ‘मला काहीच येत नाही’ असे सांगणारी कार्यकर्ती पुढच्याच वाक्यात ‘फोटोंचा आकार कमी करून द्यायला मात्र सगळे माझ्याकडेच येतात’ असे सांगते. ते वाक्य तिच्या नावासमोर लिहून ठेवा. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी एका टेबलावर ती बसलेली असेल.

४. तारीख, जागा आणि खर्च

तारीख ठरवताना संस्थांचे वर्ष पाहा. मार्चमध्ये आर्थिक वर्षअखेर असते, त्यामुळे कार्यालयातले लोक मोकळे नसतात. जूनमध्ये पेरण्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा असतात. गणपती, दिवाळी आणि ८ मार्चचे कार्यक्रम वेगळेच. आमच्या अनुभवात जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध सोयीचा ठरला आहे.

जागा एसटी स्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ असावी, आणि दुसऱ्या दिवसाचा समारोप तीनच्या आत व्हावा. दूरच्या तालुक्यातल्या बाईंची शेवटची गाडी चुकणार असेल, तर त्यांचे लक्ष दोन वाजल्यापासूनच घड्याळाकडे असते. सभागृहापेक्षा सतरंजी अंथरता येईल असा मोठा हॉल, त्याला लागून दोन-तीन खोल्या आणि एक व्हरांडा असेल तर उत्तम. जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या खुर्च्या असलेली जागा कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. वीज जाते हे गृहीत धरून इन्व्हर्टर आहे का ते विचारा, आणि कोणत्या कंपनीची रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते स्वतः आदल्या दिवशी फिरून पाहा.

खर्चाचा मुख्य भाग प्रवास आणि जेवण. एसटीत महिलांना २०२३ पासून तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे, ती अंदाजपत्रकात धरा. निधी परदेशी देणगीचा असेल, तर आधी हिशेबनिसाशी बोला. परदेशी देणगीच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. त्यामुळे ‘तुमच्या माणसांच्या प्रवासाचे पैसे तुमच्या संस्थेच्या खात्यात टाकतो’ असे कोणालाही सांगू नका. खर्च आयोजकांनीच थेट करावा आणि तिकिटे जपून ठेवावीत.

लागणारे साहित्य असे:

- मोठ्या चिकटचिठ्ठ्या, किमान तीन रंगांच्या, माणशी पंधराच्या हिशेबाने
- जाड मार्कर. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी चार फुटांवरून वाचता येत नाही
- चार्ट पेपर आणि भिंतीचा रंग न उखडणारी कागदी चिकटपट्टी
- एक्स्टेन्शन बोर्ड, मोजून लागतील त्याच्या दुप्पट
- वेगवेगळ्या कंपन्यांची दोन डोंगल किंवा हॉटस्पॉट
- सरावासाठी बनावट नावांची एक्सेल यादी आणि बनावट फॉर्म, पेन ड्राइव्हवर
- एक हातघंटा

कागदपत्रांपैकी हजेरीपट, प्रवासखर्चाचे फॉर्म, फोटोसाठीचे संमतिपत्र आणि जागेच्या भाड्याची पावती तयार ठेवा. कोणाला पाच हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख देणार असाल, तर पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. तो ऐन वेळी तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही.

प्रोजेक्टर यादीत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो आणू नका. हॉलमध्ये आधीच बसवलेला असेल तर त्याची वायर काढून ठेवा. प्रोजेक्टर सुरू झाला की दिवे मालवले जातात, दिवे मालवले की एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, आणि ज्याच्या हातात रिमोट असतो तोच बोलत राहतो.

५. पहिली सकाळ: सगळ्यांनी मिळून कार्यक्रमपत्रिका करणे

या तीन तासांवर पुढचे दोन्ही दिवस अवलंबून असतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते.

सुरुवात गोलात करा. प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि ‘गेल्या महिन्यात मी कुठे अडले’ हे एका वाक्यात सांगायचे. पद, शिक्षण, संस्थेची स्थापना कधी झाली यांपैकी काहीही सांगायचे नाही. पहिला बोलणारा आयोजकांपैकीच असावा आणि त्याने स्वतःची खरी अडचण सांगावी. आयोजकाने अडचण मोकळेपणाने सांगितली, की पुढच्या माणसांना धीर येतो.

त्यानंतर रेषेवर उभे राहण्याचा खेळ घ्या. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटपट्टीची रेषा काढायची. एक टोक ‘पूर्ण मान्य’, दुसरे ‘अजिबात अमान्य’. मग एक विधान वाचायचे, उदाहरणार्थ ‘आमच्या संस्थेने कागदी नोंदवह्या आता बंद कराव्यात’. प्रत्येक जण आपल्या मताप्रमाणे रेषेवर जाऊन उभा राहतो. सुलभकाने, म्हणजे चर्चा चालवणाऱ्याने, दोन्ही टोकांच्या आणि मधल्या एकेकाला कारण विचारायचे. कोणाचे म्हणणे पटले तर चालत जाऊन जागा बदलायची मुभा सगळ्यांना असते. एकदा नोंदवही बंद करण्याच्या बाजूने बावीस माणसे उभी होती. समोरच्या टोकाला एकटीच उभी असलेली आरोग्य कार्यकर्ती म्हणाली, “वही मी गावात बाईच्या हातात देते, ती स्वतःचं नाव वाचते, तारीख बघते. मोबाईल मी तिच्या हातात देऊ शकत नाही.” पाच-सहा जण शांतपणे चालत तिच्या बाजूला गेले. सभागृहात खुर्चीवर बसून हेच बोलणे निघाले असते तर ती बाई बोलली असती असे मला वाटत नाही. विधाने मात्र अशी निवडा की ज्यावर शहाण्या माणसांचे खरोखर दुमत होऊ शकेल. ‘तंत्रज्ञान उपयुक्त आहे’ यावर सगळे एकाच टोकाला जातील आणि खेळ तिथेच संपेल.

आता चिठ्ठ्या. चारचारांच्या गटात बसून प्रत्येकाने आपले प्रश्न लिहायचे, एका चिठ्ठीवर एकच. पिवळ्या चिठ्ठीवर ‘मला हे शिकायचे आहे’ आणि हिरव्यावर ‘मी हे दाखवू शकते’. चिठ्ठीवर विषयाचे नाव नको, पूर्ण प्रश्न हवा. नुसते ‘कोबो’ (मोबाईलवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्याचे साधन) असे लिहिलेल्या चिठ्ठीचे काही करता येत नाही. ‘भरलेले फॉर्म सर्व्हरवर का दिसत नाहीत?’ असे लिहिले की काय करायचे ते लगेच समजते. पाऊण तासात भिंतीवर शंभरेक चिठ्ठ्या होतात.

त्या एकत्र लावण्याचे काम आयोजकांनी एकट्याने, दार लावून करू नका. चहाच्या वेळेत सगळ्यांना भिंतीशी उभे करा, सारख्या चिठ्ठ्या शेजारी सरकवू द्या, आणि प्रत्येक झुबक्याला एक प्रश्नार्थक नाव त्यांनाच देऊ द्या. मग वेळापत्रकाचा मोठा तक्ता भिंतीवर लावा. आडव्या रांगांमध्ये वेळा, उभ्या रकान्यांत जागा: हॉलचा डावा कोपरा, उजवा कोपरा, आतली खोली, व्हरांडा. पहिल्या दिवशी दुपारी पाऊण-पाऊण तासाच्या दोन वेळा आणि दुसऱ्या दिवशी तीन, म्हणजे चार जागांत मिळून वीस सत्रे होतात. एवढी सगळी भरण्याची गरज नाही. बारा-तेरा भरली आणि उरलेल्या जागा रिकाम्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी नव्याने सुचलेल्या विषयांना वाव मिळतो.

इथे नेहमी होणारी एक चूक म्हणजे हात वर करायला लावून मतदान घेणे. मतदानात सर्वसाधारण विषय जिंकतो आणि नेमका प्रश्न हरतो. एखादा प्रश्न तिघांचाच असला तरी त्यांना एक कोपरा आणि पाऊण तास मिळायला हवा. तीन माणसांची सत्रे कित्येकदा सर्वांत चांगली होतात.

६. सत्र कसे चालवायचे

प्रत्येक सत्राला एक सुलभक आणि एक नोंद घेणारा लागतो. सुलभकाला विषयातले सर्व काही यायला हवे असे मुळीच नाही. प्रश्न ज्याचा आहे त्याला आधी बोलू देणे, शांत बसलेल्यांकडे नजर ठेवणे आणि वेळ पाळणे, एवढे त्याचे काम. पहिल्यांदाच सुलभक होणाऱ्यांशी आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे बसून बोला, म्हणजे त्यांचा संकोच जातो.

नियम थोडेच ठेवा, पण तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

पहिला नियम: ज्याची अडचण, त्याच्याच हातात मोबाईल किंवा माऊस. मदत करणाऱ्याने बोटाने दाखवायचे, तोंडाने सांगायचे, पण यंत्र हातात घ्यायचे नाही. जाणकार माणसाला हे फार जड जाते. दोन सेकंदांत होणारी गोष्ट समोरची व्यक्ती दोन मिनिटे शोधत असते, आणि हात आपोआप पुढे जातो. तरीही थांबायचे, कारण दुसऱ्याने करून दिलेली गोष्ट गावी गेल्यावर आठवत नाही.

दुसरा नियम ओपन स्पेसमधला, दोन पायांचा. ज्या गटात आपण शिकतही नाही आणि शिकवतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावे, कोणी वाईट वाटून घेऊ नये. हा नियम आपल्या लोकांना लगेच पचत नाही, उठून जाणे म्हणजे अपमान असे वाटते. म्हणून पहिल्या सत्रात आयोजकांपैकी एकाने मुद्दाम उठून दुसऱ्या गटात जाऊन दाखवावे.

तिसरा नियम असा, की ‘हे तर सोपे आहे’ हे शब्द उच्चारायचे नाहीत.

सत्र प्रत्यक्षात कसे रंगते त्याचे एक उदाहरण देते. व्हरांड्यातल्या गटात एका कार्यकर्त्याची तक्रार होती, की त्याने त्रेचाळीस घरांचे फॉर्म कोबोच्या ‘कोबोकलेक्ट’ अ‍ॅपवर भरले, रेंजमध्ये आल्यावर पाठवलेही, पण कार्यालयात अकराच दिसतात. त्याच्यावर फॉर्म न भरल्याचा ठपका आला होता. गटात एक संगणक अभियंता होते, त्यांनी सर्व्हरच्या बाजूने शक्यता तपासायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारच्या तालुक्यातली, अंगणवाड्यांचे काम पाहणारी एक ताई म्हणाली, “दादा, तुमचा ड्राफ्टचा डबा उघडा बरं.” त्याने उघडला, तर आत बत्तीस फॉर्म. शेवटच्या पानावर फॉर्म अंतिम करण्याऐवजी तो मसुदा म्हणून जतन करून बाहेर पडत होता, आणि मसुदे पाठवलेच जात नाहीत. गेल्या पावसाळ्यात हेच तिच्या बाबतीत घडले होते. तिने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, जी गटातल्या अनेकांना नवी होती: फॉर्म पाठवण्याआधी अ‍ॅप काढून टाकले किंवा त्याचा डेटा पुसला, तर मोबाईलमधले न पाठवलेले फॉर्मही त्याबरोबर जातात. मोबाईल अडकू लागला की अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्या दुपारी सहा जणांनी आपापले ड्राफ्ट उघडून पाहिले, आणि त्यांतल्या दोघांकडे जुने फॉर्म सापडले.

असेच एक सत्र हमखास होते ते मराठी अक्षरांचे. फॉर्मांची माहिती सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) स्वरूपात उतरवून घेतली आणि फाइलवर दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की गावांची नावे जाऊन चित्रविचित्र चिन्हे दिसतात. माहिती बिघडलेली नसते. रिकामी एक्सेल फाइल उघडून ‘डेटा’ या भागातून ती सीएसव्ही आत घ्यायची आणि अक्षरांच्या प्रकारात यूटीएफ-८ निवडायचे, की ‘अक्कलकुवा’ पुन्हा ‘अक्कलकुवा’ दिसते. याच सत्रात जुन्या अहवालांचा प्रश्नही निघतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले वर्षानुवर्षांचे अहवाल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाहीत, ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’ नजरेखालून घालावे लागतात. दोन संस्थांनी हे काम आधी केलेले असेल, तर त्यांचा पाऊण तास इतर आठ संस्थांचे कित्येक आठवडे वाचवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसे ताजी असताना, झटपट टेबलांचा तास घ्या. सहा टेबले, प्रत्येकावर एक जण एकच छोटी गोष्ट दाखवतो: फोटोचा आकार कमी करणे, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावणे, बोलून मराठी टंकलेखन करणे, एक्सेलमध्ये दुबार नावे शोधणे, असे काही. बाकीच्यांचे सहा गट करायचे. सहा मिनिटे झाली की घंटा, आणि प्रत्येक गट पुढच्या टेबलावर. पाऊण तासात सगळ्यांचे सगळे पाहून होते. फोनवर ‘मला काहीच येत नाही’ म्हणणारी ती कार्यकर्ती इथे सहा वेळा तीच गोष्ट दाखवते, आणि सहाव्या गटापर्यंत तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येऊ लागतो.

७. लोकांची माहिती आणि फोटो

सत्रात प्रत्येक जण आपला मोबाईल उघडणार, आणि त्यात गरोदर स्त्रियांची, मुलांची, हिंसेच्या प्रकरणांची खरी माहिती असणार, हे विसरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला असून त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती अपेक्षित आहे. पण कायद्याच्या आधीही हा साधा विश्वासाचा प्रश्न आहे. ज्या बाईने आपल्याला घरातली गोष्ट सांगितली, ती तिने तीस अनोळखी माणसांना सांगितलेली नाही. म्हणून सराव फक्त बनावट यादीवर करा. खरा फॉर्म उघडावाच लागला तर तो संबंधित दोघांनीच बाजूला बसून पाहावा, आणि पडद्याचे फोटो काढून गटावर टाकू नयेत.

आलेल्यांच्या फोटोंसाठी नावाच्या पट्टीवर दोन रंगांचे ठिपके वापरा. ज्यांना फोटो नको त्यांचा ठिपका लाल. कारण विचारायचे नाही.

८. भाषा

सत्रे मराठीत घ्या आणि नोंदीही मराठीत लिहा. सिंक, अपलोड, पासवर्ड हे रुळलेले शब्द तसेच राहू द्यावेत, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधत बसू नये. मात्र न समजलेला शब्द लिहिण्यासाठी भिंतीवर एक वेगळा कागद लावा. कोणीही नाव न घालता त्यावर शब्द लिहावा, आणि जेवणानंतर कोणी तरी त्याचा अर्थ सांगावा. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांतून येणाऱ्या कार्यकर्त्यांची घरची भाषा पावरी, कोरकू किंवा गोंडी असू शकते. त्यांना शेजारी बसून समजावणारा जोडीदार आधीच ठरवून ठेवा.

९. नोंदी, आणि मेळावा संपल्यानंतरचा महिना

प्रत्येक सत्राची नोंद एका पानाची असावी, आणि तिच्यात तीनच गोष्टी असाव्यात: प्रश्न काय होता, कोणते उपाय निघाले, आणि पुन्हा अडल्यास मेळाव्यातल्या कोणाला विचारायचे. पंचवीस पानांचा अहवाल देणगीदारासाठी लागत असेल तर तो वेगळा लिहा. या नोंदी आठ दिवसांच्या आत सर्वांना मिळाल्या पाहिजेत. महिन्यानंतर पाठवलेली नोंद कोणी उघडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट करायचाच असेल तर त्यात शुभेच्छा आणि फॉरवर्ड केलेले संदेश नकोत, असे पहिल्याच दिवशी ठरवा, आणि गट सांभाळायची जबाबदारी महिन्यामहिन्याने बदलत ठेवा. आयोजकांनीच प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला सुरुवात केली की बाकीचे थांबतात. म्हणून मी प्रश्न आल्यावर एक दिवस वाट पाहते. बहुतेकदा तोपर्यंत कोणी तरी उत्तर दिलेले असते.

समारोपाच्या गोलात प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचे, की परत गेल्यावर पहिल्या सोमवारी मी नेमके काय करणार. ‘डेटा सुधारणार’ असे नको, ‘आमच्या चार जणींचे ड्राफ्ट तपासणार’ असे हवे. चिठ्ठीच्या मागे आपला फोन क्रमांक लिहून ती शेजारच्याला द्यायची. तीस दिवसांनी त्या शेजाऱ्याने फोन करून विचारायचे, झाले का. चिठ्ठ्यांची एक यादी आयोजकांनीही ठेवावी आणि त्या आठवड्यात आठवणीचा निरोप पाठवावा, कारण अर्धे लोक फोन करायला विसरतात. ज्यांचे काम झालेले नसेल त्यांची अडचण त्याच दिवशी लिहून घ्या. पुढच्या मेळाव्याच्या भिंतीवर पहिल्यांदा त्याच चिठ्ठ्या लावायच्या आहेत.